आत बेचाळीस, बाहेर पस्तीस

बुधवार, २४ एप्रिल

प्रिय ताई,

नमस्कार. गुडघा कसा आहे? भावोजींना म्हणावं, जिन्यावरून तुला एकटीला सोडू नका. इकडे लेकीचा खोकला गेला. शाळा आठवडाभर बंद आहे.

का बंद, ते तुला फोनवर सांगितलं. पण अर्धंच सांगितलं.

गेल्या गुरुवारी तिसरीला तापमान शिकवत होते. एक तापमापक वर्गात खिळ्याला टांगला, दुसरा अंगणातल्या झाडाखाली. लाल रेघ कुठवर चढली ते वाचायचं, दोन्ही आकडे फळ्यावर लिहायचे, कुठे जास्त आणि कितीने, ते सांगायचं. पोरं खूश. एकाने तर तापमापक काखेत धरून "बाई, मला ताप आलाय, घरी जाऊ?" म्हणत सगळ्यांना हसवलं.

बाहेरचा आकडा आणायला भिंगरीला पाठवलं. हे नाव मीच ठेवलेलं. एका जागी बसेल तर शपथ. पळत आली, बाहेरचे पस्तीस लिहिले, आतले बेचाळीस लिहिले आणि ओरडली, "बाई, आत सात अंशांनी जास्त!"

"शाब्बास," मी म्हटलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. ताई, मीही वाजवल्या. डोक्यावर पत्रा, पंखा बंद, आणि मी वजाबाकी बरोबर आली म्हणून खूश.

तेव्हाच पोरांना झाडाखाली न्यायला हवं होतं. पण तपासणीला साहेब यायचे होते. ते येईपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही, असं मुख्याध्यापकांनी बजावलं होतं. साहेब दीड तास उशिरा आले.

मधे भिंगरी उठून टेबलापाशी आली. "बाई, गरगरतंय."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "नाटकं पुरे. बस खाली. साहेब गेले की पाणी पी." ती निमूट बसली. आणि ती एकदाची बसली म्हणून मला बरंच वाटलं गं.

साहेब आत आले तेव्हा सगळे उभे राहिले. ती राहिली नाही. दवाखान्यात नेईपर्यंत शुद्ध हरपली होती. संध्याकाळी गेली.

चौकशी लागली. मुख्याध्यापकांनी माझा जबाब तयारच आणला: वर्गात छत्तीस अंश, मुलगी आधीपासून आजारी. "फळा पुसलाय, बाई. तुम्ही फक्त सही करा." तूही म्हणालीस, सही करून मोकळी हो, उद्या घरात काय शिजवशील? दोन दिवस तो कागद उशाखाली होता.

काल सकाळी तिच्या घरी गेले. तिची आई कपडे शिवते. सगळं सांगितलं, गरगरतंय म्हणाली तेही. अंगावर धावून येईल, असं वाटलं होतं. मशीन थांबवून ती ऐकत राहिली. मग विचारलं, "पाणी मागितलं होतं का तिने?"

"नाही."

"नसेलच मागितलं. तुम्हाला फार भ्यायची."

एवढं बोलून तिने मशीन पुन्हा चालू केली.

तिथून थेट चौकशी अधिकाऱ्यांकडे गेले आणि खरा जबाब माझ्या हाताने लिहून दिला. आकडे लिहिले, मी काय बोलले तेही लिहिलं. नोकरी जाणार हे नक्की. पुढे काय, ते वकीलच सांगेल. मुख्याध्यापक फोन उचलत नाहीत.

तुझं न ऐकता केलं, तुला राग येईल. रागावायला का होईना, पण ये.

आता कुणाचीच बाई नसलेली,
तुझी धाकटी