एकशे वीस शब्दांनंतर

१४ एप्रिल
पुन्हा एकशे साठ शब्द! किती वेळा सांगायचं या पोरीला? परीक्षेचा नियम आहे – इंग्लंडातल्या टिमला पत्र लिहायचं, शंभर ते एकशे वीस शब्दांत. टिम तीन प्रश्न विचारतो, त्यांची उत्तरं द्यायची, आपण तीन विचारायचे, 'लवकर लिही' म्हणून सही. जास्त लिहिलं तर तपासणारे एकशे विसाव्या शब्दानंतर रेघ मारतात. रेघेखालचं कोणी वाचत नाही. मीही वाचत नाही. मोजते, लाल रेघ मारते, वरच्या चुका काढते, वही परत.

ताया मुकाट्याने वही घेते. पंधरा वर्षांची आहे, नववीत. मी पंधराची असताना असं कोणी माझ्या वहीवर रेघ मारली असती तर मी वही खिडकीतून फेकली असती. खरं तर फेकलीच होती एकदा. गणिताची. खाली पोस्टमनच्या डोक्यावर – असो.

१७ एप्रिल
खालच्या मजल्यावरची स्नेझा आली. सातवीत आहे. तयार उत्तरांच्या पुस्तकातून सगळा इंग्रजीचा गृहपाठ उतरवलाय. पाचव्या प्रश्नाखाली काय लिहिलंय? 'उत्तर विद्यार्थ्याने स्वतः लिहावे.' तेही उतरवलंय! सुंदर अक्षरात!

"अगं, हे काय लिहिलंस?"
"पुस्तकात होतं."
"याचा अर्थ कळतो का?"
"अर्थ लिहायला सांगितला नव्हता बाईंनी."

हसून हसून पोट दुखलं. ताया पण हसली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच. तिची फीमा आजी चुलीपाशी उभी होती, तीही वळून बघायला लागली – हसणाऱ्या तायाकडे. पुलाव करपला.

१९ एप्रिल
मी इथे दोन रात्रींसाठी आले होते. स्टेशनवर आजी खारवलेल्या अळंब्या विकत होती. माझ्या पाठपिशवीवरची परदेशी अक्षरं बघून म्हणाली, "ए भटकभवानी, इंग्रजी येतं का?" येतं. शाळेत नाही शिकले, कॉलेज दुसऱ्या वर्षी सोडलं. समुद्रकाठच्या बातुमी शहरातल्या धर्मशाळेसारख्या हॉटेलात चादरी बदलत आणि एका बोटीवर बटाटे सोलत शिकले. "मग माझ्या नातीला शिकव, जेव, झोप." स्वयंपाकघरातली घडीची खाट माझी झाली. अडीच महिने झाले. एका जागी इतकी मी राहिलेच नाही कधी. पाय खाजतात.

२३ एप्रिल
आज कळलं. बरं झालं असतं कळलं नसतं तर.

तायाची आई, रिम्मा, आरोग्यधामात आहे म्हणतात – छातीला हवापालट हवा म्हणून. ताया शाळेत गेल्यावर आजीने दार लावून घेतलं, नळ सोडला (घरात कोणी नव्हतं, तरी) आणि नळाच्या आवाजात म्हणाली, "आरोग्यधाम नाही ते. मोठ्या शहरातलं इस्पितळ आहे. डॉक्टरांनी हात टेकलेत."

"तायाला?"
"तायाला काही नाही सांगायचं. रिम्मालाही धड सांगितलेलं नाही. मी आणि प्रोखोर, दोघांनाच माहीत. आता तुला." प्रोखोर म्हणजे तिचा मुलगा, तायाचा मामा. तिकडे इस्पितळाजवळ खोली घेऊन राहिलाय.

"आजी, सांगून टाका की. पोर आईला भेटेल तरी."
"पंचवीस मेला परीक्षा आहे. त्यानंतर. रिम्माची तशी इच्छा आहे – प्रोखोरला म्हणाली, पोरीचं वर्ष वाया घालवू नका, आधी पेपर."
मग माझा हात धरला. तिचे हात मिठाच्या पाण्याने चिरलेत. "शपथ घे."

घेतली. मी कधी शपथ पाळत नाही. हीच नेमकी पाळावी लागणार.

२४ एप्रिल
टिमला पत्र. विषय – कुटुंब. एकशे ऐंशी शब्द. रेघ मारली. तिच्या तोंडाकडे बघितलं नाही.

२ मे
नदीवरचा बर्फ फुटला! सकाळी आवाज आला, घर हललं. लाकडाच्या ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला, वरच्या वळणावर बर्फाच्या लाद्या घराएवढ्या चढतात एकमेकींवर, चल बघायला. ताया म्हणाली, "किरा, आज थांब ना. मला काहीतरी विचारायचंय."
"परत आल्यावर!" मी ट्रकमध्ये.

५ मे
परत. काय दृश्य होतं! शब्द नाहीत. एक लादी उभी राहिली, सूर्य आरपार, हिरवी, आणि तिच्यावर एक कुत्रा – उतरला तो नीट. ड्रायव्हर म्हणाला, तीन दिवसांनी उत्तरेला, मुर्मान्स्कला जातोय, येतेस का? येते म्हणाले असते.

तायाला विचारलं, काय विचारायचं होतं?
"काही नाही. आठवत नाही."

८ मे
रिम्माचा फोन आला. आवाज म्हणजे कागद चुरगळावा तसा. ताया कान लावून, आजी तायाच्या पाठीशी, मी आजीच्या पाठीशी. तायाने विचारलं, "आई, तिथे जेवण काय देतात?" मग, "खिडकीतून पाइनची झाडं दिसतात का?" मग, "नाही गं, अभ्यास चाललाय. हो. हो." फोन ठेवला आणि सरळ वही उघडली. आजी न्हाणीघरात गेली. नळ सुरू.

वहीत नेहमीसारखं पत्र – टिमला तीन प्रश्न. मुर्मान्स्कवाला गेला. मी नाही गेले. का, माहीत नाही.

१६ मे
स्नेझा तोंडी परीक्षेसाठी 'माझा दिवस' पाठ करतेय. 'सकाळी मी व्यायाम करते व थंड पाण्याने स्नान करते.' मी म्हटलं, "करतेस का?" "वेड लागलंय का! पण सगळ्या वर्गाचा दिवस असाच आहे." खरंय. सत्तावीस मुलं, एकच दिवस. आणि सत्तावीस कुटुंबं आनंदी.

२२ मे
तीन दिवस उरले. ताया ग्रंथालयात. मी चष्मा शोधत होते, तिच्या टेबलावर वह्या. चाळायला घेतल्या – सुधारणा किती झाली बघावं, प्रामाणिकपणे एवढंच – आणि माझ्याच लाल रेघेखाली डोळे गेले. पहिल्यांदा.

वर लिहिलंय: प्रिय टिम, पत्राबद्दल आभार, मला वाचन व पोहणे आवडते.

रेघेखाली, फेब्रुवारी: 'आईला गाडीत बसवलं तेव्हा तिने घराच्या किल्ल्या आजीला दिल्या. हवापालटाला जाणारं माणूस किल्ल्या देतं का, टिम?'

मार्च: 'प्रोखोर मामा फोनवर हसतो. तो एरवी कधीच हसत नाही.'

चोवीस एप्रिल: 'आता किरालाही माहीत झालंय. काल जेवताना तिने मला स्वतःचं लोणी दिलं. आजी इंग्रजी वाचत नाही आणि किरा रेघेखालचं वाचत नाही, म्हणून इथे लिहिते.'

पाच मे: 'आईपर्यंत आगगाडीने सहा तास. आजी एकटीला सोडणार नाही, किराबरोबर सोडेल. विचारणार होते. ती बर्फ बघायला गेली. आता विचारलं तर ती कायमची निघून जाईल असं वाटतं. टिम, तुझी आई कशी आहे?'

मी जमिनीवर बसले. चूक एकही नव्हती. व्याकरणाची म्हणतेय. मी कधी तपासलंच नव्हतं, तरी एकही नव्हती.

संध्याकाळची गाडी पाच चाळीसची. घड्याळात सहा. उद्या. उद्याच्या गाडीने न्यायचं. शपथ गेली खड्ड्यात. आजीला स्टेशनवरून फोन करीन.

२३ मे
सकाळी सात वाजता फोन. प्रोखोर मामा. रिम्मा पहाटे गेली.

ताया झोपेत होती. आजी फोन हातात धरून उभी राहिली, मग बारीक आवाजात म्हणाली, "तिसरा दिवस. पंचवीस." इथे तिसऱ्या दिवशी माती देतात, मृत्यूच्या दिवसापासून मोजून. आणि पंचवीसलाच पेपर. मामा तिला आणणार नदीपलीकडच्या गावात, आजोबांच्या शेजारी. दुपारी एकला. पेपर बारा वाजता सुटतो. होडी, मग चार कोस रस्ता. पोचणं शक्यच नाही.

"आजी, तिला सांगा. आत्ता. पेपर पुढे देता येतो, राखीव दिवस असतात!"
"नाही."
"आजी –"
"तिची शेवटची इच्छा! ऐकू येत नाही का तुला? शेवटची!" ओरडली नाही. ओरडता येत नव्हतं ना. भिंतीपलीकडे पोर झोपलेली. स्वतःचा पदर – म्हणजे डोक्याचा रुमाल – तोंडात कोंबला.

मी उठून मिठाचा डबा घासत बसले. का? माहीत नाही.

शेवटची इच्छा म्हटल्यावर मी कोण?

२४ मे
इथे मेलेल्या माणसाच्या घरात आरसे झाकतात. आजीला झाकता येईनात, ताया बघेल म्हणून. दिवसभर आजी बैठकीच्या आरशासमोरून जाताना मान खाली घालत होती. नजरच वर करेना. शेवटी तायाला ऐकू जाईल असं मला म्हणाली, "पारा उडालाय, देते दुरुस्तीला," आणि आरसा उतरवून खाटेखाली सरकवला.

ताया जेवताना म्हणाली, "आरसा कुठे गेला?"
"पारा उडालाय."
"हं," ताया म्हणाली. "मीठ दे."

सराव पत्र – एकशे अठरा शब्द. मोजले. खाली काही नाही. कोरं.

२५ मे
सकाळी आठला ताया परीक्षेचं पांढरं झंपर काढायला कपाटापाशी गेली. मी मागे उभी. दाराच्या आतल्या बाजूला हातभर आरसा आहे, त्याच्यावर टॉवेल. चार टाचण्यांनी. तेवढा झाकल्यावाचून आजीला राहवलं नव्हतं.

ताया टॉवेलकडे बघत राहिली. तिने झंपर काढलं, दार हळूच लावलं – आवाज होऊ नये तसं, आजीने ऐकू नये तसं – आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "माझी वेणी घाल. आरशाशिवाय नीट येत नाही."

घातली.

शाळेच्या रस्त्यावर दोघी. सांगायचं होतं तर तेव्हाच. खरंच सांगते, तोंड उघडलं होतं. ती म्हणाली, "पेपर कधी सुटतो?"
"बाराला."
"आईला पेपर महत्त्वाचा वाटतो ना?"
"हो," मी म्हटलं.
ती आत गेली.

बाराला बाहेर आली. फाटकातच सांगितलं; आजी केव्हाच पुढे गेली होती. आजीच्या शेजारणीची गाडी, होडी, पुन्हा गाडी. तीन वाजले. ताजी माती, वर देवदाराच्या फांद्या. मामा डोकं उघडं करून उभा. सगळी माणसं वाटी वाटी गव्हाची गोड खीर घेऊन उभी, कोणी खात नव्हतं. ताया पुढे झाली, वाकली. इथे निरोप देताना मृताच्या कपाळाचं चुंबन घेतात; आता कपाळच नव्हतं. मातीला हात लावला आणि मग हात कुठे पुसावा कळेना, म्हणून तसाच धरून राहिली घरी येईपर्यंत.

२७ मे
ताया बोलली. स्वयंपाकघरात, माझ्या खाटेच्या कडेला बसून.

"कधीपासून माहीत होतं तुला?"
"तेवीस एप्रिल."
"रेघेखालचं वाचलंस?"
"वाचलं. उशिरा. बावीसला."
"हं."
मग म्हणाली, "टिमने विचारलं होतं, सुट्टी कोणाबरोबर घालवायला आवडते. मी लिहिलं, आईबरोबर. एकशे नऊ शब्द झाले. अकरा उरले होते, काही सुचलं नाही."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "तू नाही. मीच गेले आत. दारातून परत फिरता आलं असतं. पण आईला हवं होतं ना ते." आणि पहिल्यांदा रडली. हवं होतं, हवं होतं, म्हणत. तेवढंच तिला धरून राहायला आहे, दिसतंय मला.

२९ मे
पिशवी भरली. पुन्हा रिकामी केली.

३१ मे
नववा दिवस. घावनं, खीर, आजीच्या मैत्रिणी. सगळे गेल्यावर प्रोखोर मामा अंगणात सिगरेट ओढत उभा होता. प्यायलेला. मी भांडी बाहेर काढत होते. म्हणाला, "किरा, एक सांगू? तशी काही इच्छा नव्हती तिची."

"कसली?"

"पेपरची. मीच म्हणालो माझ्या आईला तसं. रिम्मा रोज विचारायची, ताया कधी येते. रोज. शेवटी शेवटी तर फक्त दाराकडे बघायची. पण तिचं तोंड कसं झालं होतं तुला माहीत नाही – पोरीने ते बघायला नको, असं मला वाटलं. मला वाटलं! आता हे तायाला नको सांगूस हं. निकाल लागू दे आधी."

भांडी तिथेच ठेवली. आत गेले. तायाच्या दारावर थाप मारली.