आतून ठोके

सोमवार, ३ तारीख

आजपासून मी नोकरदार! हृदयविभागात कार्डिओग्राम काढायचं काम. निघताना दादाने दारातच अडवून बजावलं, की पहिल्याच दिवशी कोणाला अक्कल शिकवू नकोस. आईबाबांच्या मागे त्यानेच मला वाढवलं, तेव्हा तेवढा हक्क त्याचा आहे. दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत आम्ही बहीणभाऊ दोघंच राहतो.

काम आवडलं. रुग्णाच्या हातापायांना चार चिमटे, छातीवर सहा रबरी वाट्या लावायच्या, की यंत्रातून चौकटींचा कागद सरसर बाहेर येतो. हार्ट अटॅक आलेल्यांचे कागद मोठ्या डॉक्टरांकडे जातात. त्यांना सगळे मास्तर म्हणतात, कारण ते कागद परीक्षेच्या पेपरासारखे तपासतात. रेषा किती दबली, चिमट्या-वाट्यांच्या किती तारांत दबली, ठोके किती वेगाने पळताहेत, हे बघून सातपैकी गुण देतात. पाच किंवा वर गेले की लाल पेन्सिल, म्हणजे माणूस धोक्यात. मला म्हणाले, इथे जो नापास होतो तोच घरी जातो. मी पोट धरून हसले.

बुधवार, ५ तारीख

एक निवृत्त ड्रायव्हर आले होते. सहा गुण, लाल पेन्सिल. सकाळी अकराला पुन्हा कागद काढायला गेले, वाट्या लावल्या आणि त्यांच्या छातीतून धप्पकन आवाज आला. बंद दारावर कोणी मूठ आपटावी तसा. बरगडी वर उचलली गेली. दुसऱ्या ठोक्याला ती मोडली, ते मी कानांनी ऐकलं. तिसऱ्याला तोंडातून रक्त उडालं, माझ्या बाहीवर. मग सगळे धावले, छाती दाबली, विजेचे झटके दिले. गेले ते.

थोरल्या सिस्टर म्हणाल्या, छाती दाबताना बरगड्या मोडतातच, नवीन आहेस, होईल सवय. पण बरगडी मोडली तेव्हा त्यांना कोणी हातही लावला नव्हता. घरी सांगितलं तर दादा म्हणाला, उगाच नाही त्याला ठोका म्हणत. त्याचं बाई सगळंच थट्टेवारी.

शनिवार, ८ तारीख

आणखी दोघं गेले. एकाला पाच गुण होते, एका बाईंना सात. बाईंचं छातीचं हाड मधोमध फुटलं. कातडीवर चार वळ होते, मुठीच्या चार बोटांचे, आतून उमटलेले. चार आणि त्याखालचे मात्र सगळे धडधाकट घरी गेले. मास्तरांचा अंदाज कधी चुकत नाही म्हणून इथे सगळ्यांना अभिमान आहे.

सोमवार, १० तारीख

चूक माझी. एका सुताराच्या उजव्या-डाव्या हाताचे चिमटे उलटे लावले गेले. तारा उलटल्या की चांगल्या हृदयाचा कागदही खोटं बोलतो. त्याला पाच गुण पडले. लक्षात आल्यावर मी नवा कागद काढला, त्यात जेमतेम दोन. धावत नेला. मास्तर म्हणाले, दिलेले गुण मी खोडत नाही.

परत आले तर सुरू झालं होतं. त्याने दोन्ही हातांनी छाती दाबून धरली होती. ठोक्यासरशी त्याची बोटंही मोडली. बायको समोर उभी होती. रक्त तिच्या पायांपर्यंत आलं.

हृदय चांगलं होतं. कागद वाईट होता. ते जे काही आहे ते कागद बघून येतं.

बुधवार, १२ तारीख

दादा. दाढी करताना छातीत कळ, घामाने निथळला. तसाच विभागात आणला, खाटेवर घेतला. घाईत यंत्रात नाव न घालताच कागद काढला. तीनदा गुण मोजले. सहा.

तो कागद अ‍ॅप्रनच्या खिशात कोंबला. पडदा ओढून शेजारच्या खाटेवर आडवी झाले, चिमटे आणि वाट्या मलाच लावल्या. नाव दादाचं घातलं. औषधं चालू झालीच होती. मास्तरांनी एक गुण दिला. नापास.

गुरुवार, १३ तारीख

दादा उठून बसला. चहाला नावं ठेवतोय. वाचला. वाचला माझा दादा.

अ‍ॅप्रन धुलाईला गेला. कागद खिशातच —

दुपारी

थोरल्या सिस्टरना सापडला. अ‍ॅप्रन माझा, म्हणून कागदही माझाच वाटला. डोळ्यांत पाणी त्यांच्या. दुखणं अंगावर काढतेस का गं, म्हणाल्या. माझं नाव त्यांनीच घातलं, मास्तरांकडे नेला. सहा. लाल.

माझा नाही म्हटलं तर विचारणार, मग कोणाचा.

माझाच, म्हणाले मी.

साडेतीन

खाट दिली. भिंतीपलीकडे दादा. हसतोय कशाला तरी. उद्या घरी जाईल —

पहिला. डावीकडून.

दुसरा. बरगडी गेली. वहीवर रक्त — लिहिता येतंय अजून —

का लिहिलं मी हे सगळं. मास्तरांनी वाचलं तर — गुण खोडत नाहीत ते. नाव खोडतील. दादाचं घालतील —

पानं फाडायला हवीत. आत्ताच. हात उचल—