थोरल्याची हजेरी

मी, खाली सही करणारी, पंच्याहत्तरी ओलांडलेली, निवृत्त परिवीक्षा अधिकारी, राहणार याच घरात, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही, कोणी माझे कान भरलेले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी आज मला तपासले. त्यांनी वार विचारला, मी सांगितला. मग तोंडी वजाबाकी करायला लावली, त्यात मी त्यांचीच चूक काढली. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. हे इतके ठासून सांगायचे कारण, पुढचा मजकूर वाचून माझ्या भाच्याला माझ्या डोक्याबद्दल शंका येणार आहे. ती त्याने खुशाल घ्यावी, पण कोर्टाची पायरी चढू नये.

परिवीक्षा म्हणजे काय, हे लोकांना अजूनही सांगावे लागते. गुन्हा शाबीत झाला, तरी न्यायाधीशांना वाटले की हा माणूस तुरुंगाबाहेर राहून सुधारेल, तर ते त्याच्याकडून हमीपत्र लिहून घेतात आणि त्याला आमच्या देखरेखीखाली सोडतात. तो घरी राहतो, कामधंदा करतो, ठरल्या दिवशी हजेरी देतो. आमच्या कार्यालयाचे छत गळायला लागल्यापासून माझ्याकडची हजेरी या घराच्या पुढच्या खोलीतच होत असे, दर मंगळवारी दुपारी. आलेल्याने बाहेर थांबायचे, मी 'आत ये' म्हटल्यावर आत यायचे, वेताच्या खुर्चीत बसायचे. मी तीन गोष्टी विचारत असे. कुठे झोपलास? काय काम केलंस? कोणाबरोबर जेवलास? सरकारी कागदावर आणखी बरेच प्रश्न होते, पण माणूस या तिनांतच कळतो.

कलम पहिले. बँकेतली शिल्लक आणि कायद्याची पुस्तके माझ्या भाच्याला द्यावीत. तो तुरुंगात अधिकारी आहे आणि माझ्या नोकरीची त्याने जन्मभर टिंगल केली.

"मावशी, तुझ्याकडची माणसं चहा पिऊन घरी जातात. याला शिक्षा म्हणायची?"

"तुझ्याकडची बाहेर येतात तेव्हा त्यांना घर राहिलेलं नसतं," मी म्हणायची.

"निदान आत असेपर्यंत दुसऱ्यांच्या घरात तरी शिरत नाहीत!"

हे त्याचे म्हणणे मात्र खरे होते, आजही आहे. पोरगा मनाने वाईट नाही. एकदा जेवताना त्याने गंमत म्हणून सांगितले, की बरीच वर्षे आत काढलेला माणूस बाहेर आला की बंद दारासमोर नुसता उभा राहतो. ढकलत नाही, ठोठावतही नाही, कारण इतकी वर्षे प्रत्येक दार दुसऱ्यानेच उघडलेले असते. तो हसत होता. मी ताट सारून उठले.

कलम दुसरे. ज्याच्या चांगल्या वागणुकीचा अहवाल मी स्वतः लिहिला आणि जो त्याच आठवड्यात माझी सायकल घेऊन पसार झाला, त्याला सायकलचा पंप द्यावा. सायकल त्याच्याकडे आहेच. परिवीक्षेची जाहिरात करायला मी बसलेले नाही. माझ्याकडचे कित्येक जण पुन्हा पकडले गेले आणि दर वेळी भाच्याने मला फोन करून ते कळवले.

कलम तिसरे. माझी आरामखुर्ची आणि लोकरीचे मोठे पांघरूण गोदामाच्या जुन्या पहारेकऱ्याला द्यावे. दोन सख्खे भाऊ त्या गोदामात चोरी करायला शिरले आणि झटापटीत पहारेकऱ्याचा एक डोळा गेला. दोघांचा गुन्हा एक, आई एक, गरिबीही एकच. पण कायद्यात वयाची एक रेषा असते. थोरला तिच्या जरासा पलीकडे होता, त्याला तुरुंग मिळाला. धाकला अलीकडे होता, तो माझ्याकडे आला. हमीपत्राप्रमाणे धाकल्याने सुट्टीच्या दिवशी पहारेकऱ्याच्या घरी जाऊन पडेल ते काम करायचे होते. सुरुवातीला पहारेकरी त्याच्या तोंडावर दार आपटायचा. नंतर त्याला डोळ्यात औषध घालायला बोलावू लागला. मला म्हणाला होता, "बाई, धाकल्याला मी शिव्या घालून घालून थकलो, मग राग उतरला. थोरल्यावरचा तसाच आहे. तो समोर आलाच नाही, तर उतरणार कुठून?"

कलम चौथे, आणि यासाठीच हा सगळा खटाटोप. हे घर, पुढच्या खोलीसकट, धाकल्याला द्यावे. तो आज खुर्च्या-कोचांना कापड चढवणारा नावाजलेला कारागीर आहे. बायको आहे, मुलगी शाळेत शिकवते. पोलीस चौकीची पायरी तो पुन्हा कधी चढला नाही. परिवीक्षेने काय साधते असे कोणी विचारले, की मी ताठ मानेने त्याच्याकडे बोट दाखवत असे.

थोरला पूर्ण शिक्षा भोगून सुटला. पूर्ण भोगलेल्यावर कोणाची देखरेख नसते, म्हणजे त्याची वाट बघणारेही कोणी नसते. तो भावाच्या घरी गेला. हे मला धाकल्याच्या बायकोने फार उशिरा, रडत सांगितले. धाकल्याने दार किलकिले केले, भावाला पाहिले, म्हणाला, "दादा, मला अट आहे रे," आणि दार लावून घेतले. शिक्षा झालेल्या माणसाशी संबंध ठेवणार नाही, अशी अट त्याच्या हमीपत्रात होती. तशी ती सगळ्यांच्याच असते. पण हमीपत्राची मुदत केव्हाच संपली होती. बायको तसे म्हणालीसुद्धा. तो म्हणाला, "विषाची परीक्षा कशाला?"

थोरला बेघरांच्या निवाऱ्यापाशी गेला. सकाळी तो तिथल्या दारासमोर बसलेला सापडला, थंडीने आखडून मेलेला. दाराला कडी नव्हती. ते नुसते लोटलेले होते. आत माणसे होती, शेगडी होती.

त्यानंतरच्या मंगळवारी मी पुढच्या खोलीत वाचत बसले होते. नोकरी संपली होती, पण त्या वेळी तिथे बसायची सवय सुटली नव्हती. दाराखालच्या फटीतून ऊन येते. त्या उन्हात दोन पावले दिसली. उघडून पाहते तो बाहेर कोणी नाही. लावून घेतले, तर पावले पुन्हा जागच्या जागी. थोरला कसा गेला ते माझ्या कानावर आले होते. तेव्हा मला भाच्याचे बोलणे आठवले. मी माझ्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आत ये."

दार उघडले नाही. फटीतले ऊन मात्र मोकळे झाले आणि वेताची खुर्ची करकरली.

मला भीती वाटली. आजही वाटते. खून केलेल्या माणसांसमोर मी निवांत चहा प्यायले आहे, पण त्या दिवशी मी समोरच्या खुर्चीकडे न बघता पुस्तकातच बघत राहिले. दुसरे काही सुचेना म्हणून मी तीन प्रश्न विचारले. कुठे झोपलास, याला खुर्ची करकरली. काय काम केलंस, यालाही करकरली. कोणाबरोबर जेवलास, याला काहीच आवाज आला नाही. शेवटी मी म्हणाले, "जा आता," आणि खोली रिकामी झाल्याचे मला कळले. कसे कळले ते विचारू नये.

तेव्हापासून तो दर मंगळवारी येतो. भावाला ज्या दारातून आत घेतले गेले, त्याच दाराशी. एकदा शेजारचा शिंपी मध्येच आला, त्याच्याशी बोलण्याच्या नादात मी 'जा' म्हणायला विसरले. दुसऱ्या दिवशी दळणाचा डबा उचलताना पुढच्या खोलीतून करकर ऐकू आली. बिचारा तसाच बसून राहिला होता.

म्हणून अट घालते. घर विकू नये. परक्या माणसाला फटीतली पावले दिसली तर तो फटच बुजवून टाकील, आणि थोरला बाहेर उभाच राहील. धाकल्याने दर मंगळवारी दुपारी पुढच्या खोलीत बसावे, भावाला आत बोलवावे, विचारपूस करावी आणि मगच निरोप द्यावा.

सह्या होण्यापूर्वीची भर. वरचा मजकूर मी आज धाकल्याला वाचून दाखवला. त्याचे केस आता पिकले आहेत. तो हसेल किंवा उठून जाईल असे मला वाटले होते. तो गुडघ्यांत हात धरून बसून राहिला.

"तो तुमच्याकडे येतो, बाई?"

"येतो."

"माझं काही नाव काढतो का?"

"तो बोलत नाही रे."

अगदी खालच्या आवाजात त्याने विचारले, "मी त्याला आत घेतलं तर काही होणार नाही ना? म्हणजे… अट आहे ना."

ज्याच्याकडे मी ताठ मानेने बोट दाखवत होते, तो अजून सुटलाच नव्हता. मी सांगितले, अरे, मुदत संपून जमाना झाला. साहेबापुढे डोलवावी तशी त्याने मान डोलावली. मग म्हणाला, "लेखी आहे का, बाई?"

म्हणून कलम शेवटचे. हे लिहायचा मला अधिकार नाही. तो कोर्टाचा आहे आणि कोर्टाने ते कधीच करून टाकले आहे. तरी मी लिहून देते, की या माणसाच्या हमीपत्रातल्या सर्व अटी संपलेल्या आहेत. त्याने आपल्या भावाला घरात घ्यावे, शेजारी बसवून जेवू घालावे, झोपायला जागा द्यावी. त्याबद्दल त्याला कोणीही जाब विचारणार नाही. विचारलाच, तर हा कागद दाखवावा.

या कलमाची नक्कल त्याने माझ्याकडून मागून घेतली. दाराकडे तोंड करून ती मोठ्याने, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग त्याने स्वतः जाऊन दार सताड उघडले.

सही: मृत्युपत्र करणार, निवृत्त परिवीक्षा अधिकारी

साक्षीदार पहिली: डॉक्टरीणबाई, मला शुद्धीवर पाहून

साक्षीदार दुसरा: शेजारचा शिंपी, ज्याने मजकूर न वाचता सही करायची परवानगी मागितली आणि ती त्याला देण्यात आली

ठिकाण: घराची पुढची खोली

दिनांक: सहीखाली घातल्याप्रमाणे, मंगळवार, दुपार