राक्षस : सौम्य ते मध्यम

२ मे २०२६, शनिवार. सकाळी १०.४०

कुकरच्या शिट्ट्या मोजत होतो. ताईने तीन सांगितल्या होत्या, दोन झाल्या होत्या. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या त्रिपुरसुंदरी मामींनी बोलावले म्हणून गेलो. तिसरी शिट्टी ऐकू आली नाही. त्यानंतरच्या सातही ऐकू आल्या नाहीत. भाताबद्दल ताई जे बोलली ते इथे लिहीत नाही.

महत्त्वाचे हे की मामी मला काम देणार आहेत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्या घरीच पाळणाघर चालवतात. आठ मुले, वय चार ते सात. त्यात माझी भाची निधी (सहा) आणि मामींचा नातू प्राणेश (पाच). मामींचे गुडघे आता मुलांच्या मागे धावत नाहीत. जूनपासून दुपारी तीन ते सहा एक माणूस हवा आहे. महिना सहा हजार. त्याआधी चार शनिवार चाचणी : मुलांना टीव्हीवर भुते-राक्षस बघायचे आहेत, आयांना ते चालेल, पण मुले घाबरायला नकोत. असे काहीतरी मी निवडून दाखवायचे.

मामींचे मराठी तंजावरचे. शब्द जुने, चाल तमिळ. मला अर्थ अर्ध्या वाक्यानंतर लागतो. पण अट लगेच कळली. एक लेकरूं जरी रडत घरीं गेलें तरी पोदुम. म्हणजे पुरे.

सायंकाळी ६.१०

भाऊजींना सांगितले. कृष्णकांत भाऊजी इथे चेन्नईजवळच्या आवडी गावातच रणगाड्यांच्या कारखान्यात आहेत. मी पाच महिन्यांपासून त्यांच्या हॉलमध्ये आहे. ते म्हणाले, मकरंदराव, तुमचे एक जूनचे बार्शीचे तिकीट काढलेले आहे, काकांच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे वाट बघताहेत. मी म्हणालो, तिकीट रद्दही करता येते. ते म्हणाले, मामींनी ठेवून घेतले तर मी स्वतः रद्द करीन. तारखेसह नोंद केली आहे.

बार्शीला जाणार नाही. बारावीच्या पेपराला मधूनच उठलो होतो, ते अख्ख्या गल्लीला माहीत आहे. या वेळी उठणार नाही.

४ मे, सोमवार

पद्धत तयार केली. नवी वही, शंभर पानी. प्रत्येक राक्षसाला पाच विषय : दात, नखे, डोळे, आवाज, अंधार. प्रत्येकी दहा गुण, एकूण पन्नास. बारापर्यंत सौम्य. पंचविसापर्यंत मध्यम. त्यापुढे अक्राळविक्राळ (शब्द दोनदा तपासला). दात हा मुख्य विषय. सुळा दिसला की थेट नऊ.

सकाळी अकराला पडदे उघडून, आवाज बंद करून अभ्यासाला बसलो. आवाज बंद, कारण लक्ष विचलित होते. ताईने विचारले, मक्या, उशी कशाला धरली आहेस? पाठीला आधार म्हणून. ती म्हणाली, पाठ मागे असते.

६ मे, बुधवार

एकूण अकरा चित्रपट तपासले. नऊ नापास. या धंद्यात दातांचा फार सुळसुळाट आहे.

इथल्या लोकांचेही काही खरे नाही. इमारतीला दृष्ट लागू नये म्हणून गेटवर राक्षसाचा मुखवटा टांगतात, त्याला दृष्टी बोम्मै म्हणतात. आमच्या गेटवरच्याचे डोळे बटाट्याएवढे. झुबकेदार मिशा, लाल जीभ, चार सुळे. सहज गुण देऊन पाहिले : चव्वेचाळीस. लहान मुले राहतात त्या इमारतीवर हे! मी जाता-येता मागचे फाटक वापरतो. त्या बाजूला सावली असते.

९ मे, शनिवार

पहिला प्रयोग. गावाच्या शेळ्या राखणाऱ्या डोंगरी राक्षसाचा चित्रपट. मुळात अठरा गुण. धोक्याची दृश्ये रिमोटने पुढे ढकलून सहा गुणांवर आणला. सव्वा तासाचा चित्रपट बावीस मिनिटांत बसला.

कोणी रडले नाही. प्राणेश झोपला. एका मुलीने तमिळमध्ये काही विचारले, निधीने मराठी करून सांगितले : ती विचारतेय, राक्षस कधी येणार? मी म्हणालो, येऊन गेला.

निकाल : शंभर टक्के यश.

मामी म्हणाल्या, राक्षस दाखवतों म्हणून शेळ्या दाखवलास की रे, मकरंदा.

१६ मे, शनिवार

दुसरा प्रयोग. बेरीज-वजाबाकी शिकवणारा सांगाडा. सात गुण, तेही सगळे डोळ्यांच्या खोबणीचे. शिवाय शैक्षणिक. दहाव्या मिनिटाला पाहिले तर खोलीत मी आणि सांगाडाच होतो. मुले व्हरांड्यात मुंग्यांची रांग बघत होती. कोणी रडले नाही, हे पुन्हा नमूद करतो.

मामी म्हणाल्या, आया विचारताहेत, हिशेब तर शाळेतही शिकवतात, भूत कुठें? पुढच्या शनिवारीं भूत दिसलें नाही तरीही पोदुम.

म्हणजे आता रडले तरी पुरे आणि कंटाळले तरी पुरे. नोकरीच्या अटी मधेच बदलणे बरोबर नाही. तसे मनात सुनावले.

रात्रीच्या जेवणाला भाऊजींनी विचारले, सांगाड्याला किती मार्क पडले? सात, म्हणालो. ते म्हणाले, तुझ्या गणितापेक्षा जास्त. ताई हसली. मी दुसरी पोळी घेतली नाही. (नंतर घेतली.)

१९ मे, मंगळवार

सापडले! आजवरचा सर्वांत सौम्य प्राणी. पांढरे, गोल, मऊ भूत. दात नाहीत, नखे नाहीत, आवाज नाही. दात येण्याचा प्रश्नच नाही, कारण तोंडच नाही. मुलांच्या पलंगाशी उभे राहते आणि ती झोपेपर्यंत बघत असते. बस्स, एवढेच. एकूण तीन गुण. मी स्वतः उशीशिवाय पाहिले.

भाऊजींनी पेपराआडून पाच मिनिटे पाहिले आणि म्हणाले, मला हे बरोबर वाटत नाही. रणगाडे बनवणाऱ्या माणसाला सौम्यता काय कळणार!

२३ मे, शनिवार. सायंकाळी ७.००

जे झाले ते क्रमाने लिहितो.

४.०५ : सुरुवात. सगळे उत्सुक.
४.०९ : भूत आले. पलंगाशी उभे राहिले.
४.०९ : प्राणेश टीपॉयखाली.
४.१० : पहिला हुंदका. लगेच बाकीचे सात. निधीसुद्धा.
४.११ : मी टीव्ही बंद करेपर्यंत खोली रिकामी.

आठही मुले पायऱ्या उतरून पळाली. मामी त्यांच्या मागे, मी मामींच्या मागे. मला वाटले रस्त्यावर गेली. पण मुले गेटशीच होती. त्या मुखवट्याच्या बरोबर खाली, एकमेकांना चिकटून. प्राणेशने गेटची सळई घट्ट धरली होती आणि मान वर करून त्या चार सुळ्यांकडे बघत होता, आई बघावी तसा.

त्यांना आणायला मला पहिल्यांदाच पुढच्या गेटपर्यंत जावे लागले. मी डोळे जमिनीवर ठेवले. म्हणालो, निधी, इथे कशाला आलात? हाच तर भयानक आहे. ती रडता रडता म्हणाली, मामा, तुला काहीच कळत नाही. याला दात आहेत. दात असलेला आपला असतो.

आणि तो पांढरा?

त्याला तोंडच नाही, ती म्हणाली. तो कुणाचा आहे ते कुणालाच माहीत नाही.

मामी पायरीवर बसून दम घेत होत्या. म्हणाल्या, इथलीं लेकरें शाळेला जाताना त्याला वणक्कम करून जातात. दांत असला तो राखणदार रे. तुझ्या बिनतोंड्यासारखें काही येऊं नये म्हणूनच तर त्याला टांगला आहे.

आठ मुले रडली. अट एका मुलाची होती. मामी म्हणाल्या, पोदुम, मकरंदा. मी विनवणी केली नाही. फक्त तिथून हललो नाही. वीस मिनिटे. मग प्राणेशने सळई सोडली आणि आजीला सांगितले की त्याला दातवाला अंकल टीव्हीत बघायचा आहे. बाकीचेही तेच ओरडू लागले. मामींनी कपाळाला हात लावला. सेरी. म्हणजे बरे. एकच. शेवटचें.

२४ मे, रविवार

पद्धत चुकली हे मला मान्य नाही. पद्धत बरोबर होती, फक्त उलटी धरली होती. नवे नियम : दात जितके जास्त, तितका सौम्य. मिशा असल्यास पाच गुण वेगळे. सगळी वही खोडून पुन्हा लिहिली. नापास झालेले नऊ जण आता गुणवत्ता यादीत आहेत.

२७ मे, बुधवार

निवड झाली. विहिरीत राहणारा राक्षस. दातांच्या चार ओळी. मिशा कमरेपर्यंत. विहिरीवर पाणी भरायला येणाऱ्यांना आधी ओरडतो आणि मग बादली उचलू लागतो. सत्तेचाळीस गुण. चाळीस मिनिटांपैकी पहिली चार मिनिटे बारकाईने तपासली. पुढची तपासली नाहीत. वेळ नव्हता.

(वेळ सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा असा होता. पण मन लागले नाही.)

२९ मे, शुक्रवार

भाऊजींनी माळ्यावरून माझी बॅग काढून हॉलमध्ये ठेवली. मी ती परत माळ्यावर टाकली. त्यांनी पुन्हा काढली. मी पुन्हा टाकली. ताई म्हणाली, दोघांनी मिळून तो माळा तरी पुसून घ्या. मग तिने भाऊजींना आत नेले आणि हळू आवाजात म्हणाली, राहू दे हो, निधीला सवय झाली आहे त्याची. मला ऐकू आले. मी ऐकले नाही असे ठरवले आहे. मला दयेवर राहायचे नाही. पगारावर राहायचे आहे.

३० मे, शनिवार. सायंकाळी ७.१५

चौथा प्रयोग. हकीकत खरी लिहितो, कारण ही वही कोणी वाचणार नाही.

राक्षस विहिरीतून वर आला तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. प्राणेश उभा राहून म्हणाला, वणक्कम, अंकल! दात दिसले की प्रत्येक वेळी जल्लोष. दोन मुलांनी मोजायला घेतले, चौपन्नाला भांडण झाले. मामी झोपाळ्यावरून बघत होत्या आणि मान डोलवत होत्या. तो डोल होकाराचा होता. इथली मान आता मला कळते.

मी दाराजवळ उभा होतो. वारा यावा म्हणून.

एकतिसाव्या मिनिटाला राक्षस थेट पडद्याकडे वळून ओरडला. त्याच वेळी खोलीतही कोणीतरी ओरडले. फार मोठ्याने. समोरच्या इमारतीचा वॉचमन चौकशीला आला. पंख्याचा आवाज असावा अशी शक्यता मी आधी मांडली. पण पंखा बंद होता.

त्यानंतर मी जमिनीवर होतो. निधीने टीव्ही थांबवला (रिमोट तिला कधी मिळाला ते कळले नाही) आणि माझ्या डोळ्यांवर हात ठेवला. म्हणाली, मामा, घाबरू नकोस, त्याचे दात बघ किती छान आहेत. बघितले नाहीत. प्राणेशने त्याची पाण्याची बाटली दिली. एक मुलगी माझी पाठ चोळत होती. (पाठ मागेच होती.) डोळ्यांतून पाणी येत होते. चेन्नईचा मे महिना आहे.

उरलेली नऊ मिनिटे मुलांनी मला मध्ये बसवून पाहिली. धोक्याची जागा आली की निधी आधी सांगायची.

अधिकृत निकाल : एकही मूल रडत घरी गेले नाही. अट तंतोतंत पाळली गेली.

सहाला आया आल्या. प्रत्येक मुलाने प्रत्येक आईला सगळे सांगितले. करून दाखवले. मामी झोपाळ्यावर बसून पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. मग म्हणाल्या, उद्यां सकाळीं ये, सांगतें.

३१ मे, रविवार. सकाळी ९.३०

मामींकडे जाऊन आलो.

मुलांनी एकमताने सांगितले आहे की मकरंद मामा हवाच. त्यांना मी रोज हवा आहे. हा माझा विजय आहे आणि तो कोणी नाकारू शकत नाही. मात्र सहा हजारांचे काम मामींची भाची हरिप्रिया करणार. तिने बालवाडीचा कोर्स केला आहे आणि ती कशालाच घाबरत नाही, असे मामी म्हणाल्या. मग त्यांनी हजेरीचे रजिस्टर उघडले, आठ नावांच्या खाली ९ हा आकडा घातला आणि लिहिले : मकरंद, वय २४. डबा घरून, दूध इथले.

मी म्हणालो, मामी, ही थट्टा आहे. त्या म्हणाल्या, थट्टा असती तर पेन्सिलीनें लिहिलें असतें.

भाऊजींनी शब्द पाळला, तिकीट रद्द केले. नंतर खाली जाऊन माझी जूनची फीसुद्धा भरून आले आणि पावती फ्रिजवर लावली. म्हणाले, तीन ते सहा तू कुठे आहेस याची आता काळजी नाही. बॅग त्यांनीच माळ्यावर टाकली.

मी उद्या तीनला जाणार आहे. केवळ पद्धतीवर देखरेख म्हणून.

हिशेब, मे अखेर :

वही : ४५
भाड्याचे चित्रपट, तीन : २९७
टीव्हीची वायर : १८०
एकूण खर्च : ५२२, सर्व भाऊजींकडून उसने
तिकीट रद्द करण्याचा भुर्दंड : १२०
जूनची फी : १,५००. एका घरातली दोन मुले असल्यास दुसऱ्या मुलाला दहा टक्के सूट. मामींनी मला दुसरे मूल धरून १,३५० ची पावती केली आहे.
भाऊजींचे देणे : १,९९२

ही पावती मला मान्य नाही. वयाने पाहता दुसरे मूल निधी आहे, पहिला मी. सूट तिच्या नावावर टाकावी असे मामींना लेखी कळवले आहे. त्याने माझे देणे दीडशेने वाढते. वाढू दे.

सुधारित देणे : २,१४२.