श्रीचं डोकं

३ फेब्रु., सोम.
भाकरी थापता थापता साखर कंपनीचे सगळे शेअर विकले. एक भाकरी करपली. सासूबाई म्हणाल्या, "त्या मोबाईलपायी घर पेटेल एक दिवस." त्यांना वाटतं मी रील्स बघते.
काल माळशिरसहून दादाचा फोन होता. ऊस नुसता उंच दिसतोय, वजन न्हाय, तोडणीच्या टोळ्या परत निघाल्या. तो आपलं रडगाणं गात होता. मला कळलं, कारखान्यांना ऊस पुरणार नाही, आता शेअरमधून बाहेर पडायचं. कसं कळतं ते सांगता येत नाही. फारसं चुकत नाही एवढं खरं.
श्रीला संध्याकाळी सांगितलं. टीव्ही बघत "बरं" म्हणाला. खातं नवऱ्याच्या नावावर, त्यामुळे सांगावं तर लागतंच.

९ फेब्रु., रवि.
श्रीची दर रविवारची शेअरबाजाराची बैठक. त्याच्या ऑफिसातले, गल्लीतले काहीजण सतरंजीवर, शेजारच्या शमीमभाभी दाराशी. श्री खुर्चीत. "मी आधी कंपनीचा स्वभाव ओळखतो." हे वाक्य माझं. भांडी लावताना बोलले होते कधीतरी. सगळे माना डोलावत होते.
मग म्हणाला, "साखर घेऊन बसलोय. मला घाई नाही."
मी चहाचा ट्रे घेऊन उभी. चारचौघांत नवऱ्याला खोटं कसं पाडायचं? मागाहून विचारलं तर म्हणे, "सगळंच कुठं सांगायचं असतं!"

११, मंगळ.
गच्चीवर शमीमभाभी. "वहिनी, मीबी घेतली की साखर. शिवणाचे साठवले होते ते सगळे घातले. भाऊजींचं डोकं लई तेज हाय."
तिथंच सांगायला हवं होतं. मी काय म्हणाले? "तुमच्या चादरी वाळल्या का?"

१३, गुरु.
साखर घसरली. आधी आनंद झाला, आपण वाचलो म्हणून. मग भाभी आठवल्या. आधी आनंद झाला याचीच जास्त लाज वाटते.

१४, शुक्र.
गेले त्यांच्याकडे. "भाभी, विकून टाका. आहे त्या भावात."
"भाऊजी म्हणाले?"
"नाही. मी म्हणते."
हसल्या, अगदी मायेनं. "तुमाला काय कळतंय त्यातलं? भाऊजींना विचारून सांगा ना."
हो म्हटलं. का म्हटलं!
श्रीला विनवलं, तू सांग त्यांना. "आता विका म्हटलं तर माझी काय किंमत राहील? येईल की वर."
"नाही येणार."
"तुला काय माहीत?" विचारलं आणि स्वतःच ओशाळला. ताट अर्धं टाकून उठला.

१६, रवि.
आज बैठकीत चेहरे उतरलेले. भाभींनीच विचारलं, "भाऊजी, ठिवू का विकू?"
"ठेवा. घाबरायचं नाही."
ट्रे खाली ठेवला. म्हटलं, "विका भाभी. आमची कधीच विकलीय. मी विकली. पहिल्यापासून सगळं मीच करते."
मग ऑफिसातले एकजण हसले, "वहिनींनी सिक्सर मारला!" सगळेच हसले. श्रीही हसला, सगळ्यांच्या शेवटी.
भाभी हसल्या नाहीत. "खरंच विकली? कधी?"
सांगितलं.
"म्हंजे मी घ्यायच्या आधी."
"हो."
"आन् त्या दिवशी गच्चीवर तुमी..." चप्पल घालून गेल्या. चहा तसाच.

१८, मंगळ.
श्री बोलत नाही. सासूबाईंना म्हणाला, बैठक बंद. त्यांनी मला विचारलं, "तू काय बोललीस त्याला?" आज बाजार उघडला तेव्हा ॲप उघडलं नाही. हात शिवशिवत होते तरी.
दुपारी भाभींच्या दारात गेले. आत शिलाई मशीन चालू. कडी वाजवली. मशीन थांबलं.
"भाभी, मी."
मग आतूनच, "विकली का ते बघाया आलात, का माफी मागाया?"
माफी म्हणायला हवं होतं. पण जिभेवर आधी आलं, विकली का? ते गिळलं. मग दुसरंही निघेना.
दार उघडलं नाही. मशीनही पुन्हा सुरू झालं नाही. दोघी तशाच, दाराच्या दोन बाजूंना.