माझा फोटो उजळ न करण्याबाबत

मी, सुलक्षणा सुपडू बोरसे, वय २७, बी.एस्सी. (घरातली पहिलीच पदवी, म्हणून नमूद करते), राहणार देवपूर, धुळे, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. गुरुवारी माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, काळजी करू नका, सगळे आमच्यावर सोडा. मला सोडायची सवय नाही.

१. बँकेतील शिल्लक आईला. तिने ती माझ्या तेराव्यावर उडवू नये.

२. माझ्या फोटो स्टुडिओतील दोन वायरलेस फ्लॅश, त्यांच्या छत्र्या व कॅमेऱ्यावरून ते उडवणारा ट्रिगर धाकटी बहीण दिपमाला हिला. अट एकच. स्थळासाठी येणाऱ्या मुलींचे फोटो मॅन्युअलवरच काढावेत. फ्लॅशची पॉवर हाताने ठरवावी, एक फोटो घ्यावा आणि स्क्रीनवरचा रंग समोरच्या मुलीशी ताडून पाहावा. ऑटोवर कॅमेरा स्वतःच उजेड मोजतो. काळा पडदा आणि गडद साडी दिसली की त्याला अंधार पडल्यासारखे वाटते, तो फ्लॅश जोरात मारतो आणि मुलगी पिठाच्या डब्यात पडल्यासारखी येते. हळदीत माणसे पळत असतात, तिथे ऑटो खुशाल वापरावे. मी हट्टी आहे, आंधळी नाही.

३. काळा मखमली पडदा काका बन्सीलाल नाना यांना. आणला त्यांनीच. "ऑटोवर ठेव व माय, पोर गोरी दखास. कॅमेराले तुन्हापेक्षा जास्त समजस," असे ते म्हणतात. माझा स्थळाचा फोटो त्यांनी त्याच पडद्यापुढे ऑटोवर काढला. तो पाहून जळगावची मंडळी आली. मी पोहे घेऊन बाहेर गेले. मुलाच्या आत्याने बशी घेतली आणि म्हणाली, "आता मुलीलाही बोलवा." नाना म्हणाले, "हीच मुलगी." आत्याने फोटो पाहिला, मला पाहिले. पोहे मात्र संपवले. नानांच्या मते दोष ट्यूबलाइटचा होता. पडदा त्यांनी धान्यावर झाकावा.

४. नाना दिवाळीपासून दिपमालाच्या स्थळाच्या फोटोसाठी मागे लागले आहेत. ती एकोणीस वर्षांची आहे, शिकते आहे. तिचा फोटो तिला वाटेल तेव्हा आणि तिच्याच रंगात निघेल. नानांनी ट्रिगरला हात लावल्यास सर्व सामान मी शिकले त्या शाळेला द्यावे.

५. साक्षीदाराला काही देता येत नाही, हे फ्रेमवाल्या रहीमभाईंना सांगितले. ते म्हणाले, "मग चहा तरी सांग." चहा दिला आहे.

६. हार घालायचा फोटो मी काल स्वतः काढला, मॅन्युअलवर. रहीमभाईंनी तो फ्रेम करून दुकानात ठेवला आहे. नानांनी तो कुठेही नेऊन उजळ करून आणू नये. त्या दिवशी दारात आलेल्या कोणी फोटोपुढे उभे राहून, ही कोण मुलगी, असे विचारू नये.

साक्षीदार:
१. रहीम युसूफ मन्यार (सही)
२. तबस्सुम इक्बाल पिंजारी, शिक्षिका (सही)

सुलक्षणा सुपडू बोरसे (सही)
देवपूर, धुळे. १७ नोव्हेंबर २०२५