बाबांची पिवळी तबकडी

मंगळवार, संध्याकाळ. वर्तकनगर.

आज नको तो शहाणपणा केला. बाबा बंदरात पाणबुडे होते, तेव्हापासूनचं त्यांचं घड्याळ. जुन्या धाटणीची डायव्हर घड्याळं, म्हणजे पाणबुड्यांची, मी जमवते, सुटे भाग बदलून नटवते. मग बाबांचं का नको? पिवळी पडलेली तबकडी काढून नवी काळी बसवली.

त्यांनी बराच वेळ निरखलं. "छान आहे गं. पण माझं कुठंय?"

"बाबा, हेच ते."

"आणि ती पिवळी तबकडी?"

डब्यात होती, नशीब. पण काढताना कड दुमडलेली. आधी विचारायला काय झालं होतं मला? मान आखडेपर्यंत बसून कड सरळ केली, पिवळीच परत लावली. बाबांनी घड्याळ मनगटावर बांधलं, कानाशी नेऊन ऐकलं आणि म्हणाले, "चल, जेवून घे आता."